वक्राखालचे क्षेत्रफळ

अर्थशास्त्राच्या तासाला मागणी वक्राची आकृती फळ्यावर काढावी आणि "या वक्राखालचा हा रेघाळलेला भाग म्हणजे उपभोक्त्याचे संतोषाधिक्य" असे सांगावे, की विद्यार्थी ते इमानेइतबारे वहीत उतरवून घेतात. आकृती सुबक येते, रेघाही सारख्या अंतरावर पडतात. पण एखादा चौकस विद्यार्थी तास संपल्यावर दारात गाठतो आणि विचारतो, "सर, क्षेत्रफळ म्हणजे जागा. जागा मोजायची ती चौरस फुटांत. मग या आकृतीतल्या जागेचे रुपये कसे झाले?" हा प्रश्न मी निरनिराळ्या वर्षी निरनिराळ्या तोंडून ऐकला आहे आणि दर वेळी मला वाटते, की विचारणाऱ्याने नेमके मर्मावर बोट ठेवले. दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत त्याचे उत्तर पुरे होत नाही. म्हणून वार्षिकाची ही चार पाने.

हा लेख गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी नाही, आणि मीही गणिताचा प्राध्यापक नाही. शाळा सुटल्याबरोबर ज्यांनी गणिताला कायमचा रामराम ठोकला आणि पुढे अर्थशास्त्र, मानसशास्त्र किंवा भूगोल घेतल्यावर ज्यांना ते मागच्या दाराने पुन्हा भेटले, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. गणितात या विषयाला 'निश्चित समाकल' असे भारदस्त नाव आहे. नावाला घाबरण्याचे कारण नाही. आयताचे क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी, एवढे ज्याला ठाऊक आहे त्याच्याजवळ या प्रवासाची शिदोरी आहे.

नाल्याकाठचे शेत

आपण जमिनीपासूनच सुरुवात करू. आपल्याकडे शेत गुंठ्यांत मोजण्याची रीत आहे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद अशी जागा म्हणजे एक गुंठा. १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की एक एकर. मोजण्याच्या सोयीसाठी ३३ फुटांच्या अंतराला आपण 'साखळी' म्हणू. म्हणजे एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा बरोबर एक गुंठा.

आता असे शेत डोळ्यांसमोर आणा, की ज्याच्या एका अंगाला सरळ बांध आहे, बांधाच्या दोन्ही टोकांना काटकोनात दोन सरळ बाजू आहेत, पण समोरची बाजू नाल्याच्या काठाने वळणे घेत गेली आहे. आयत नाही, त्रिकोण नाही. शाळेतले कोणतेही सूत्र येथे लागू पडत नाही. मग गुंठे किती हे ठरवायचे कसे?

बांध सहा साखळ्या लांब आहे असे धरा. बांधावर दर साखळीला खुंटी ठोकू आणि प्रत्येक खुंटीपासून नाल्यापर्यंत काटकोनात अंतर मोजू. समजा ही अंतरे क्रमाने ३, ४, ४.५, ५, ४.५, ३.५ आणि २ साखळ्या भरली. शेताच्या सहा उभ्या पट्ट्या झाल्या. प्रत्येक पट्टी एक साखळी रुंद. उंची मात्र पट्टीच्या एका कडेला एक आणि दुसऱ्या कडेला दुसरी. येथे दोन मार्ग संभवतात. प्रत्येक पट्टीची लहान कड हीच तिची उंची असे धरले, तर बेरीज येते ३ + ४ + ४.५ + ४.५ + ३.५ + २, म्हणजे २१.५ गुंठे. मोठी कड धरली, तर ४ + ४.५ + ५ + ५ + ४.५ + ३.५, म्हणजे २६.५ गुंठे. पहिली बेरीज विकत घेणाऱ्याच्या सोयीची, दुसरी विकणाऱ्याच्या. दोन खुंट्यांच्या मधल्या जागेत नाल्याने उगीच आत-बाहेर वाकडी वळणे घेतलेली नसतील, तर खरे क्षेत्रफळ या दोन आकड्यांच्या मध्येच कोठेतरी आहे, हे दोघांनाही मान्य करावे लागते. सरासरी काढली तर २४ गुंठे येतात, आणि व्यवहाराला तेवढे पुरतेही.

पण भांडण पाच गुंठ्यांचे आहे. ते कमी करायचे तर उपाय उघड आहे. खुंट्या अर्ध्या-अर्ध्या साखळीवर ठोका. पट्ट्या बारा होतील, प्रत्येक पट्टीच्या दोन कडांतला फरक कमी होईल, आणि खालची बेरीज व वरची बेरीज एकमेकींच्या जवळ येतील. अजून बारीक पट्ट्या केल्या तर अजून जवळ. निश्चित समाकलाची सगळी कल्पना या एका शेतात आली. पुढे जे काही आहे ते याच कल्पनेचा विस्तार आहे.

पट्ट्या बारीक करीत गेले तर

नाल्याचा काठ निसर्गाने आखलेला. त्याला सूत्र नाही. आता आपण सूत्राने आखलेला वक्र घेऊ, म्हणजे पट्ट्या बारीक करण्याचा खेळ कोठवर जातो ते दिसेल.

दहा सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद आलेख कागद घ्या. डाव्या खालच्या कोपऱ्यापासून उजवीकडे जेवढे सेंटिमीटर जाल, त्या संख्येचा वर्ग करून त्याला दहाने भागा. तेवढ्या उंचीवर टिंब द्या. १ सेंटिमीटरवर उंची ०.१, ५ सेंटिमीटरवर २.५, १० सेंटिमीटरवर १०. टिंबे जोडली की सुरुवातीला जमिनीला चिकटून चालणारा आणि पुढे झपाट्याने वर चढणारा वक्र मिळतो. गणितात याला अन्वस्त म्हणतात. फेकलेला चेंडू ज्या मार्गाने जातो त्याच जातीचा हा वक्र. या वक्राच्या खाली किती चौरस सेंटिमीटर जागा आहे?

एक-एक सेंटिमीटरच्या दहा पट्ट्या केल्या तर लहान कडांची बेरीज २८.५ येते, मोठ्या कडांची ३८.५. एक-एक मिलिमीटरच्या शंभर पट्ट्या केल्या तर ३२.८३५ आणि ३३.८३५. हजार पट्ट्या केल्या तर ३३.२८३३५ आणि ३३.३८३३५. दोन बेरजांमधला फरक पाहा: आधी १०, मग १, मग ०.१. खालची बेरीज वर सरकते आहे, वरची खाली येते आहे, आणि दोघींच्या मध्ये एकच संख्या अशी उरते की जी कितीही बारीक पट्ट्या केल्या तरी या चिमट्यातून निसटत नाही. ती संख्या ३३ १/३, म्हणजे संपूर्ण चौरसाचा बरोबर एक-तृतीयांश.

येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. 'अनंत पट्ट्यांची बेरीज' असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो खरे, पण अनंत पट्ट्या कोणी कापीत नाही आणि कोणी मोजीतही नाही. सांत, मोजता येण्याजोग्या पट्ट्यांच्या बेरजा ज्या एका संख्येला दोन्ही बाजूंनी घेरतात, त्या संख्येला आपण क्षेत्रफळ म्हणतो. तीच सीमा. रीमान या जर्मन गणितज्ञाने १८५४ साली ही गोष्ट काटेकोर शब्दांत मांडली. गणिताला ती सुचायला मात्र फार पूर्वी सुरुवात झाली होती.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने अन्वस्त आणि त्याला छेदणारी सरळ रेषा यांमध्ये सापडलेल्या क्षेत्राचे माप काढले. त्या क्षेत्रात विशिष्ट रीतीने काढलेल्या त्रिकोणाच्या ते चार-तृतीयांश असते, असे त्याने सिद्ध केले. आपल्या आलेखावर ताळा पाहता येतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कर्ण काढा. कर्णाखाली ५० चौरस सेंटिमीटर, वक्राखाली ३३ १/३. मधली फाक १६ २/३. वक्राची दोन टोके आणि ५ सेंटिमीटरवरचे टिंब जोडून होणारा त्रिकोण १२.५ चौरस सेंटिमीटरचा. त्याचे चार-तृतीयांश केले की १६ २/३ च येतात. बावीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब आपल्या कागदावर बिनचूक जुळतो.

आपल्या देशातही ही वाट चोखाळली गेली आहे. वर पट्ट्यांची बेरीज करताना १, ४, ९, १६ अशा वर्गसंख्यांची बेरीज करावी लागते. तिचे सूत्र आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस 'आर्यभटीया'त दिले होते. भास्कराचार्यांनी ११५० मधल्या 'सिद्धांतशिरोमणी'त गोलाच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ काढताना पृष्ठाचे पट्टे पाडून त्यांची बेरीज करण्याचीच युक्ती वापरली. या ग्रंथाच्या अध्ययनासाठी भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. सोळाव्या शतकात केरळातल्या ज्येष्ठदेवाने मलयाळम् भाषेत लिहिलेल्या 'युक्तिभाषे'त तर वर्ग, घन आणि त्यापुढील घातांच्या मोठ्या बेरजा कोणत्या प्रमाणात वाढतात याची उपपत्ती आहे. थोडक्यात, पट्ट्या पाडून मोजणे ही एका देशाची मिरास नव्हे.

चिन्हाची गोष्ट

पुस्तकात या बेरजेसाठी जे चिन्ह दिसते, त्याने पुष्कळांची छाती दडपते. एक लांबट, वरून आणि खालून ओढून ताणलेले वळण. ते मुळात 'एस' हे रोमन अक्षर आहे. 'सुम्मा' या लॅटिन शब्दाचे, म्हणजे 'बेरजे'चे, पहिले अक्षर. लायब्निट्स या जर्मन पंडिताने १६७५ साली ते योजले. त्याच्या पुढे लिहिलेली असते ती पट्टीची उंची आणि शेवटी लिहिलेली असते ती पट्टीची इवलीशी रुंदी. चिन्हाच्या पायथ्याशी व माथ्याशी दोन संख्या असतात. त्या सांगतात, की बेरीज कोठून कोठपर्यंत करायची. ही दोन टोके ठरलेली असतात म्हणून समाकल 'निश्चित'. तेव्हा ते चिन्ह दिसले की मनातल्या मनात वाचावे: "या टोकापासून त्या टोकापर्यंत, उंची गुणिले रुंदी, अशा सगळ्या पट्ट्यांची बेरीज." एवढे वाचता आले की निम्मी भीती जाते.

किलोमीटरचे दगड

पट्ट्या पाडून बेरीज करणे बिनचूक आहे, पण जिकिरीचे आहे. सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निट्स यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असा एक रस्ता सर्वांसाठी खुला केला की ज्यामुळे पुष्कळदा पट्ट्या पाडाव्याच लागत नाहीत. तो रस्ता समजण्यासाठी आपण एस. टी.च्या गाडीत बसू.

आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर गाडीचा वेग असा आलेख काढा. गाडी तीन तास ताशी ४० किलोमीटरने एकसारखी धावली, तर आलेख म्हणजे एक आडवी रेघ आणि तिच्याखाली एक आयत: उंची ४०, रुंदी ३, क्षेत्रफळ १२०. हे १२० म्हणजे कापलेले अंतर. पण गाडी घाटात रेंगाळते, सपाटीवर पळते, थांब्यावर उभी राहते. मग रेघेचा वक्र होतो. तरी पट्ट्यांचा विचार तोच. प्रत्येक लहानशा क्षणात वेग जवळजवळ स्थिर; वेग गुणिले क्षण म्हणजे त्या क्षणात कापलेले अंतर; सगळ्या पट्ट्यांची बेरीज म्हणजे एकूण अंतर. वेगाच्या वक्राखालचे क्षेत्रफळ म्हणजे प्रवासाचे अंतर.

आता मला सांगा, गाडी किती चालली हे कळण्यासाठी तुम्ही क्षणोक्षणीचा वेग टिपून त्याच्या पट्ट्या पाडत बसाल काय? गाडी मागे न वळता सरळ पुढे जात असेल, तर रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड निघताना वाचाल, उतरताना वाचाल आणि वजाबाकी कराल. हजारो पट्ट्यांच्या बेरजेऐवजी एक वजाबाकी. कलनशास्त्राचा मूलभूत सिद्धांत म्हणून जो ओळखला जातो, तो हाच. दगडावरचे आकडे कोणत्या गावापासून मोजले आहेत याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. वजाबाकीत ते निघून जाते.

घरातली विजेची बिलेही याच तत्त्वावर येतात. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. दिवसभरात घरातला विजेचा वापर सतत वर-खाली होतो. त्याचा आलेख काढला तर त्याखालचे क्षेत्रफळ म्हणजे खर्ची पडलेली युनिटे. भिंतीवरचे मीटर ही पट्ट्यांची बेरीज रात्रंदिवस मुकाट्याने करीत असते, आणि बिलावर फक्त दोन आकडे छापलेले असतात: चालू रीडिंग आणि मागील रीडिंग.

मग सूत्राने दिलेल्या वक्रासाठी असे दगड कोठून आणायचे? आपल्या अन्वस्ताकडे पुन्हा वळू. डाव्या टोकापासून आपण जेथे उभे आहोत तेथवरचे क्षेत्रफळ म्हणजे आपल्या दगडावरचा आकडा. आपण किंचित पुढे सरकलो, की त्यात एक बारीक पट्टी वाढते. तिची उंची म्हणजे त्या ठिकाणची वक्राची उंची. याचा अर्थ, दगडावरचा आकडा ज्या गतीने वाढतो ती गती म्हणजेच वक्राची उंची. तेव्हा प्रश्न असा झाला: कोणती राशी अशी आहे, की जिच्या वाढीची गती अंतराच्या वर्गाच्या एक-दशांश आहे?

यासाठी एक लाकडी घनाकृती ठोकळा घ्या आणि त्याच्या एका कोपऱ्यात मिळणाऱ्या तीन बाजूंवर कागदाइतका पातळ थर चढवा. ठोकळ्याची प्रत्येक कड थराच्या जाडीने वाढली. घनफळ किती वाढले? तीन बाजूंवरचे तीन थर, म्हणजे कडेचा वर्ग गुणिले थराची जाडी, त्याची तिप्पट. कडाकोपऱ्यांतला चुरा इतका थोडा की तो सोडून द्यावा. म्हणजे घन वाढतो तो वर्गाच्या तिपटीच्या गतीने. आपल्याला हवा आहे वर्गाचा दहावा हिस्सा. म्हणून घनाला ३० ने भागा. झाले. १० सेंटिमीटरवरचा दगड १००० भागिले ३०, म्हणजे ३३ १/३. सुरुवातीचा दगड शून्य. वजाबाकी ३३ १/३. हजार पट्ट्यांनी जे उत्तर नुसते जवळ आणून दिले, ते एका ओळीत हाती आले.

मात्र प्रत्येक वक्राला असे दगड सापडतातच असे नाही. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा घंटेच्या आकाराचा प्रसामान्य वक्र घ्या. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक-एक प्रमाण विचलन घेतले तर त्या वक्राखाली सुमारे ६८ टक्के क्षेत्र येते, दोन-दोन घेतले तर सुमारे ९५ टक्के, हे ते पाठ करतात. पण या वक्राच्या क्षेत्रफळासाठी ओळखीच्या साध्या फलनांतून कोणतेही सूत्र बनविता येत नाही, हे गणितज्ञांनी सिद्ध केलेले आहे. म्हणून संख्याशास्त्राच्या पुस्तकाच्या शेवटी ते कोष्टक असते. जेथे दगड नाहीत तेथे कोणीतरी बारकाईने बेरजा करून ठेवल्या आहेत आणि आपण त्या आयत्या वाचतो. बुद्धिगुणांकाची सरासरी १०० व प्रमाण विचलन १५ धरले, तर ८५ ते ११५ च्या दरम्यान शेकडा ६८ माणसे, असे म्हणताना आपण वक्राची उंची सांगत नसतो, क्षेत्रफळ सांगत असतो.

आणखी एक गोष्ट जाता जाता. वक्र आडव्या अक्षाच्या खाली उतरला तर त्या भागातले क्षेत्रफळ वजा धरतात. पासबुकात जमा आणि नावे यांचा मेळ घालतो तसेच हे. महिनाअखेर शिल्लक तेवढीच राहिली याचा अर्थ महिनाभर काही उलाढाल झालीच नाही, असा होत नाही.

जागेचे रुपये कसे झाले?

आता आपण दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला उत्तर देऊ शकतो. क्षेत्रफळाला स्वतःचे असे ठरलेले एकक नाही. उभ्या अक्षाचे एकक गुणिले आडव्या अक्षाचे एकक, ते क्षेत्रफळाचे एकक. फूट गुणिले फूट केले की चौरस फूट. ताशी किलोमीटर गुणिले तास केले की किलोमीटर. मागणी वक्रात उभ्या अक्षावर असते किंमत, म्हणजे दर डझनाला रुपये. आडव्या अक्षावर असतात डझन. दर डझनाला रुपये गुणिले डझन म्हणजे रुपये. आकृतीतली जागा ही रुपयांची जागा आहे.

उदाहरणासाठी एक कुटुंब कल्पू. आंब्याच्या हंगामात ते किती डझन आंबे घेईल हे दरावर अवलंबून आहे. समजा, जितके डझन घेऊन झाले त्या संख्येच्या वर्गाची दहापट १००० रुपयांतून वजा केली, की पुढच्या डझनासाठी ते किती द्यायला तयार आहे तो आकडा मिळतो. हंगामाच्या पहिल्या आंब्यासाठी हजाराचा दरही चालतो. घरात आठ डझन येऊन गेल्यावर मात्र ३६० पेक्षा जास्त द्यायची तयारी नाही. बाजारात दर ३६० आहे, म्हणून कुटुंब आठ डझनांवर थांबते. दिलेले पैसे म्हणजे एक आयत: ३६० गुणिले ८, २८८० रुपये. पण कुटुंब जास्तीत जास्त जे द्यायला तयार होते, ते म्हणजे शून्यापासून आठपर्यंत वक्राखालचे सगळे क्षेत्रफळ. ठोकळ्याची युक्ती येथेही चालते: ८००० मधून ५१२० भागिले ३ वजा केले की सुमारे ६२९३ रुपये. त्यातून २८८० गेले, उरले सुमारे ३४१३. वक्राखालचा आणि किमतीच्या रेघेच्या वरचा हा भाग म्हणजेच उपभोक्त्याचे संतोषाधिक्य. ड्यूपुई या फ्रेंच अभियंत्याने पूल आणि रस्ते यांची लोकांना होणारी उपयोगिता मोजताना १८४४ साली ही कल्पना मांडली, आणि मार्शलने १८९० च्या आपल्या ग्रंथातून ती अर्थशास्त्रात रूढ केली.

येथे हिशेब संपतो, पण विचार संपत नाही. शेजारच्या मजुराच्या घरात हाच वक्र काढला तर तो पुष्कळ खाली असेल. तेथल्या मुलांना आंबा कमी गोड लागतो म्हणून का? अर्थातच नाही. खिशात पैसे नाहीत म्हणून. वक्राची उंची 'किती आवडते' हे सांगत नाही. 'किती द्यायला तयार आहे आणि देऊ शकतो' हे सांगते. रुपया गरिबाला अधिक मोलाचा असतो, हे स्वतः मार्शललाही ठाऊक होते आणि त्याने तशी सावधगिरी सांगितली आहे. क्षेत्रफळ बिनचूक काढता येते; पण दोन घरांची क्षेत्रफळे शेजारी-शेजारी ठेवून "याला सुख अधिक, त्याला कमी" असे म्हणण्याचा परवाना ते देत नाही.

तीन गावे, एक आकडा

शेवटचे उदाहरण मी मुद्दाम राखून ठेवले आहे, कारण त्यात या विषयाचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही एका ठिकाणी दिसतात.

लॉरेंझ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९०५ साली उत्पन्नाची विषमता दाखविण्यासाठी एक वक्र सुचविला. गावातली घरे सर्वांत गरीब ते सर्वांत श्रीमंत अशी ओळीने मांडा. आडव्या अक्षावर घरांचा शेकडा वाटा, उभ्या अक्षावर त्या घरांकडे मिळून जाणाऱ्या उत्पन्नाचा शेकडा वाटा. सगळ्यांना सारखे असेल तर वक्र म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारा कर्ण. विषमता असेल तर वक्र कर्णाच्या खाली पोट काढून लोंबतो. या मधल्या फाकेला कर्णाखालच्या संपूर्ण क्षेत्रफळाने भागले, की १९१२ साली गिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने मांडलेला गुणांक मिळतो. पूर्ण समता असेल तर शून्य. विषमता वाढेल तसा तो एकाकडे सरकतो. देशोदेशींच्या विषमतेची तुलना आजही बहुधा याच आकड्याने होते.

आपला दहा सेंटिमीटरचा आलेख पुन्हा समोर घ्या आणि अन्वस्त हाच एखाद्या गावाचा लॉरेंझ वक्र आहे असे समजा. गरीब अर्ध्या घरांकडे उत्पन्नाचा चौथा हिस्सा. कर्णाखाली ५०, वक्राखाली ३३ १/३, फाक १६ २/३. आर्किमिडीजने मोजली तीच फाक. गिनी गुणांक एक-तृतीयांश.

आता तीस घरांची आणखी दोन गावे घ्या. दोन्ही गावांचे मासिक उत्पन्न तीन-तीन लाख रुपये. पहिल्या गावात वीस घरांना प्रत्येकी १५,००० मिळतात आणि उरलेल्या दहा घरांना काहीच नाही. दुसऱ्या गावात वीस घरांना प्रत्येकी ५,००० मिळतात आणि दहा घरांना प्रत्येकी २०,०००. यांचे लॉरेंझ वक्र काढून पाहा. सरळ रेघांचे आहेत, त्रिकोण आणि समलंब चौकोनांची बेरीज पुरते. दोन्ही वक्रांखाली ३३ १/३ चौरस सेंटिमीटर. दोन्ही गावांचा गिनी गुणांक एक-तृतीयांश. अन्वस्ताच्या गावाचाही तोच.

एका गावात दहा चुली पेटतच नाहीत. दुसऱ्यात प्रत्येक चूल पेटते, पण दहा वाडे इतरांच्या चौपट खातात. ज्याला मदतीची योजना आखायची आहे, त्याने या दोन गावांत सर्वस्वी निराळ्या गोष्टी करायला हव्यात. आणि गुणांकाच्या रकान्यात तिन्ही गावे एकाच ओळीत उभी आहेत.

यात गिनीचा दोष नाही आणि समाकलनाचाही नाही. बेरीज केली की एकूण कळते. कोणती पट्टी उंच होती आणि कोणती ठेंगणी, हे बेरजेत उरत नाही. मीटरच्या दोन रीडिंगांवरून महिन्याची युनिटे कळतात, पण दिवा कोणत्या रात्री जळत होता ते कळत नाही. एकूण किती, हा प्रश्न असेल तर क्षेत्रफळासारखे साधन नाही. कोणाला किती, हा प्रश्न असेल तर वक्राकडे परत जावे लागते.

विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या वेळी पुस्तकात रेघाळलेला भाग दिसला तर नुसती आकृती उतरवून घेऊ नका. उभ्या अक्षावर काय आहे, आडव्या अक्षावर काय आहे, त्यांच्या गुणाकाराचे एकक काय होते, आणि बेरीज कोठून कोठपर्यंत आहे, हे आधी स्वतःला विचारा. मग एखाद्या रविवारी आलेख कागद घेऊन वरची तिन्ही गावे एकाच चौकटीत, तीन रंगांच्या पेन्सिलींनी काढा आणि प्रत्येक वक्राखालचे चौकोन मोजा. काठावरचे अर्धेमुर्धे चौकोन अंदाजाने धरावे लागतील, पण तिन्ही वेळा बेरीज तेहतिसाच्या आसपासच येईल. कागद मात्र फेकून देऊ नका. परीक्षेत गुणांक लिहाल तेव्हा त्याच्या शेजारी तो वक्रही काढून दाखवा.